दाताखालचा खडा

‘लक्ष कुठे आहे तुझे?’ हा प्रश्न मी गेली बावीस वर्षे वर्गात विचारीत आलो आहे. शाळेत विचारल्या जाणाऱ्या ज्या थोड्या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाला नको असतात, त्यांत हा सर्वांत जुना. मुलगा उभा राहतो, खाली बघतो, आणि शिक्षक पुढे जातो. वास्तविक त्याला उत्तर देता आले असते. चौथ्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेरच्या मधमाश्यांच्या पोळ्याकडे बघत असेल, तर त्याचे लक्ष मुळीच हरवलेले नसते. ते पुरतेपणी एका जागी असते. फक्त ती जागा माझी नसते. तेव्हा ‘लक्ष कुठे आहे?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘ते माझ्याकडे का नाही?’ एवढाच होतो.

आपल्या भाषेने या बाबतीत एक मौज करून ठेवली आहे. जे द्यावयाचे ते लक्ष आणि जे गाठावयाचे ते लक्ष्य. लिहिताना एका ‘य’चा फरक, आणि बोलताना तोही उरत नाही. त्यामुळे ज्याच्यापुढे लक्ष्य आहे त्याचे लक्षही ठिकाणावर आहे, असे आपण सहज धरून चालतो. आयुष्याला हेतू असावा आणि क्षणाक्षणाला जागे राहून जगावे, हे दोन उपदेश अलीकडे एका दमात केले जातात. हे दोघे सख्खे भाऊ आहेत असे सर्वांना वाटते. मला मात्र त्यांच्यात जुनी भाऊबंदकी असावी असा संशय आहे.

पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट आपण सारे मुलांना सांगतो. मूळ महाभारतात डोळा नाही, मस्तक आहे. आणि पक्षीही खरा नव्हता, द्रोणांनी तो कारागिरांकडून करवून झाडावर बसविला होता. अर्जुनाला त्या मस्तकावाचून दुसरे काही दिसले नाही आणि तो उत्तीर्ण झाला. त्याच्या आधी युधिष्ठिराला विचारले होते. त्याला झाड दिसत होते, भाऊ दिसत होते, समोर उभे असलेले गुरुजी दिसत होते, आणि पक्षीही दिसत होता. नेमबाज म्हणून तो नापास झाला हे मान्यच आहे. पण राज्य पुढे त्यालाच करावयाचे होते, आणि ज्याला झाडही दिसते व भाऊही दिसतात अशा माणसाच्या हाती ते जावे हे मला फारसे गैर वाटत नाही. आदिपर्वात या परीक्षेला अगदी लागूनच एकलव्याची कथा येते. तुझ्याहून श्रेष्ठ धनुर्धर माझ्या शिष्यांत होणार नाही, असे वचन द्रोणांनी अर्जुनाला दिले होते. त्या वचनापुढे त्यांना एका मुलाचा अंगठा दिसला. मुलगा दिसला नाही. आपण मात्र या दोन गोष्टी मुलांना वेगवेगळ्या दिवशी सांगतो आणि निभावून नेतो.

मी चित्रकला शिकवितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर चित्रकला शिक्षकाची पदविका तेवढी घेतली. तत्त्वज्ञानाच्या विषयावर लिहिण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारले तर मी वाद घालणार नाही. पण कादंबऱ्या लिहिण्याचा नाद आणि मुलांपुढे लोटा ठेवण्याचा धंदा, या दोहोंमुळे ‘बघणे’ या क्रियेशी माझा रोजचा संबंध येतो. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राची एक पत्रिका असते. मी टेबलावर तांब्याचा लोटा ठेवतो आणि मुलांना सांगतो, जसा दिसतो तसा काढा. चाळीसांतली पस्तीस मुले लोट्याचे तोंड पुरे गोल काढतात आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. तोंड गोल असते हे त्यांना ठाऊक आहे. बूड सपाट असल्यावाचून लोटा उभा राहत नाही हेही ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते ती काढतात. समोर मात्र तोंडाचा लंबगोल झालेला असतो आणि बुडाची कडा खाली झुकलेली असते. ते दिसण्यासाठी लोट्याकडे बघावे लागते, आणि बघण्यापूर्वी आपल्याला लोटा ठाऊक आहे ही समजूत घटकाभर दूर ठेवावी लागते.

पहिल्या बाकावरून तो लंबगोल रुंद दिसतो, शेवटच्या बाकावरून चिंचोळा. ‘सर, खरा कुठला?’ असे एका मुलीने मला विचारले होते. मी म्हणालो, ‘तुझ्या जागेवरून दिसतो तो.’ उत्तर वस्तुचित्रापुरते बरोबर होते. माणसांच्या बाबतीत ते कितपत खरे आहे याचा मी अजून विचार करतो आहे.

आमच्या शाळेतले गणिताचे एक शिक्षक मागे इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आले. सत्यनारायण गोएंकांच्या शिकवणीचे ते केंद्र १९७६ पासून चालू आहे. दहा दिवस मौन पाळावयाचे, आणि पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावाचून कशाकडेही लक्ष द्यावयाचे नाही. गणितासारखा विषय शिकविणारा माणूस तीन दिवस कशाचीही बेरीज न करता बसला, याचेच मला कौतुक वाटले. परत आल्यावर ते खरोखरच निवळले. पूर्वी ते फळा पुसताना मागे वळून कोणाला तरी रागे भरत. आता फळा पुसताना फळाच पुसतात. हे थोडे नव्हे, आणि या साधनेची थट्टा करण्याची मला यत्किंचितही इच्छा नाही. पण एकदा मधल्या सुटीत ते म्हणाले, ‘सर, चालू क्षणात राहायला शिकलं की बाकी सगळं आपोआप सुधारतं.’ या ‘आपोआप’ शब्दापाशी मी अडलो.

कारण आमच्या शाळेमागून कालव्याचा पाट जातो, आणि त्या पाटात रोज एक बगळा उभा असतो. चालू क्षणात त्याच्याइतका बुडालेला प्राणी मी पाहिलेला नाही. भूतकाळाचा खेद नाही, भविष्याची चिंता नाही, एका पायावर देह तोललेला, आणि सारे चैतन्य दृष्टीत एकवटलेले. मासोळीच्या दृष्टीने मात्र त्या एकाग्रतेत आध्यात्मिक असे काही नसते. आपल्या पूर्वजांनी ‘बकध्यान’ हा शब्द उगीच घडविला नाही. ध्यान खरे असूनही खोटे असू शकते हे त्यांना दिसले होते. एस.टी.च्या स्टँडवर सर्वांत जागरूक माणूस कोण असतो? खिसेकापू. कुणाच्या घरात लग्न निघाले आहे, कुणाचे पीक बुडाले आहे, याकडे गावात बारीक लक्ष कोणाचे असते? सावकाराचे.

आणि कादंबरीकाराचेही, हे मला आमच्या घरातून सुनावले गेले आहे. कुणाकडे मयताला गेलो तरी माझी नजर भिंतीवरच्या फोटोंच्या क्रमाकडे, म्हातारीने पदराशी बांधलेल्या किल्लीच्या गाठीकडे असते. परत येताना पत्नी म्हणाली, ‘अहो, तुम्ही माणसाकडे बघत नाही, माणूस जमा करता.’ मी हसलो. पण वाक्य जमा करून ठेवले. असो.

जमा न करता लक्ष देणारा लेखक कसा असतो, याचे एक उदाहरण मला फार दिवसांपासून मोहवीत आले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. ते बोलणे साने गुरुजी लिहून घेत. ‘गीता-प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हाती आहे ते बोलणाऱ्याइतकेच त्या ऐकणाऱ्यामुळे. गुरुजींच्या पोटात त्या वेळी स्वतःचे सांगण्यासारखे काही नव्हते असे थोडेच आहे? पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. जो माणूस आतून इतका भरून आला होता, त्याने अठरा रविवार आपला घडा बाजूस ठेवून दुसऱ्याचे पाणी सांडू दिले नाही. लिहिणाऱ्या माणसाला हे किती अवघड जाते ते लिहिणाऱ्यांनाच विचारावे.

तेव्हा केवळ लक्ष असणे हा गुण नव्हे. ते कोणासाठी आहे यावर त्याची जात ठरते, असे म्हणून मी इथे थांबलो असतो. पण ‘दुसऱ्यासाठी’ हा हेतू धरला म्हणजे डोळे उघडे राहतात काय? अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची एक पाठशाळा आहे. डार्ली आणि बॅट्सन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तेथील ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला आणि तो १९७३ साली प्रसिद्ध केला. प्रत्येकाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करावयाचे होते. निम्म्यांना विषय दिला होता बायबलातल्या दयाळू शोमरोन्याचा: वाटेत घायाळ पडलेल्या माणसाला धर्माधिकारी ओलांडून जातात, आणि परका, हलका मानलेला शोमरोनी थांबतो, ती कथा. या विद्यार्थ्यांच्या वाटेवर, एका दाराशी, एक माणूस वाकून बसविला होता; तो खोकत होता, कण्हत होता. कोणाला निघताना सांगितले होते की अजून वेळ आहे, कोणाला की मंडळी तयार आहेत, आणि कोणाला की तुम्हांला उशीर झाला आहे, लवकर चला. ज्यांना सवड होती त्यांतल्या शेकडा ६३ जणांनी काही ना काही मदत केली, मधल्यांत ४५, आणि ज्यांना घाई होती त्यांत १०. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दयेवर बोलावयास निघालेल्यांपैकी काही जण तर त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला त्या पोरांचा राग आला, आणि थोड्या वेळाने तो निवळला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणी तरी आपली वाट बघत आहे, त्यांना तिष्ठत ठेवू नये, हीही सभ्यताच आहे. फक्त ‘उशीर झाला आहे’ या तीन शब्दांनी त्यांच्या डोळ्यांपुढे एक पक्षी बसविला, आणि मग झाड दिसेनासे झाले.

आपल्याकडे असाच प्रसंग नाथांच्या चरित्रात आहे. काशीची गंगा कावडीने रामेश्वरी न्यावयाची; वाटेत तापल्या वाळूत पाण्यावाचून तडफडणारे गाढव दिसते; नाथ कावड त्याच्या तोंडी रिकामी करतात. ही कथा आपण भूतदयेची म्हणून सांगतो. मला तीत दयेच्या आधीची पायरी जास्त गूढ वाटते. खांद्यावर कावड असलेल्या माणसाची नजर कुठे असते? पायांपुढच्या वाटेवर, आणि हिंदकळणाऱ्या पाण्यावर. त्या पाण्याहून पवित्र असे दुसरे लक्ष्य त्या काळच्या माणसाला ठाऊक नव्हते. दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट पायांखाली घालावयाची, आणि तरी त्यांना गाढव दिसले. पल्लाच इतका लांबचा की त्यात घटकाभराच्या उशिराला अर्थ उरत नाही, म्हणून दिसले असेल असे म्हणावे, तर कथेत बरोबरचे कावडकरीही आहेत. त्यांचाही पल्ला तेवढाच होता.

इथे एक प्रश्न माझ्या मनात टोचत राहतो, आणि तो केवळ पुस्तकी नाही. घाई आणि डोळस नीती यांचे जर असे वाकडे असेल, तर जागेपणाने जगणे ही सवडीच्या लोकांची चैन ठरते. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला जातात. त्यांची घाई त्यांनी निर्माण केलेली नाही; ती त्यांना कोणी तरी नेमून दिलेली आहे. दहा दिवसांची रजा काढून श्वासाकडे बघत बसा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? आणि न सांगावे, तर त्यांच्या वाट्याला ओलांडून जाणेच आले काय?

या प्रश्नावर मला विचारवंतांपेक्षा घरातल्या एका सवयीने अधिक विचार करावयास लावले आहे. माझी आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी बरीच अधू झाली आहे. दुपारी तीनच्या सुमारास तिला ताटात तांदूळ लागतात. ती ते निवडते. वस्तुतः आता तांदळात निवडण्यासारखे काही नसते. पोत्यावर ‘सॉर्टेक्स’ असे छापलेले असते. गिरणीतल्या यंत्रात कॅमेरे घरंगळणाऱ्या दाण्यांकडे बघतात आणि डागाळलेला दाणा किंवा खडा दिसला की हवेचा झोत सोडून त्याला बाहेर उडवितात. जे काम पूर्वी घरोघरच्या बायका दिवेलागणीपूर्वी करीत, ते आता यंत्र पापणी लवण्यापूर्वी करते. आई मात्र ताट मांडीवर घेते, मूठभर तांदूळ कडेला ओढते, बोटांनी पसरते, चाचपते आणि पलीकडे सारते. काही दाणे फरशीवर सांडतात. पायाखाली येतात.

एकदा माझ्या मुलीने सुचविले, ‘बाबा, आजीच्या ताटात आपणच चार खडे टाकू या ना. सापडले की तिला बरं वाटेल.’ पोरीच्या मनात प्रेम होते यात संशय नाही, आणि मलाही ती युक्ती क्षणभर सुंदर वाटली. पत्नीने ताबडतोब नकार दिला. ‘त्यांचं काम आहे ते, खेळ नाही करायचा,’ ती म्हणाली. ‘आणि चारांतला एक राहिला तर?’

मला द्रोणांचा लाकडी पक्षी आठवला. नेम शिकण्यासाठी खोटा पक्षी चालतो. आई काही शिकत नव्हती. ती तांदूळ निवडीत होती.

पुढे एकदा मीच आईला म्हणालो, ‘आई, अगं यात खडा नसतो आता.’ ती हात न थांबवता म्हणाली, ‘ते मला ठावं न्हाई व्हय? पण भात पोरं खाणार न्हवं?’

या उत्तराला तर्काच्या चिमट्यात धरले तर ते सुटून जाते. खडा नाही हे ठाऊक, मग शोधणे कशाला? केवळ सवय, असे म्हणून हा विषय मिटवता येईल. आणि तिच्यातला काही भाग सवयीचा आहेच. पण ही सवय जडली तेव्हा तिच्याजवळ सवड नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली बाई चुलीच्या उजेडात निवडत बसे, आणि आम्ही चार भावंडे भूक लागली म्हणून भोवती रडत असू. उशीर झाला आहे हे तिला सांगावयास प्रयोगवाले लागत नव्हते. तरी तिचे बोट दाण्यावरून उडी मारीत नसे. मला वाटते, ती दाण्याकडे बघतच नसे. ती अजून न शिजलेल्या भाताच्या पलीकडे, अजून न घेतलेल्या घासाकडे, कुणाच्या तरी दाताकडे बघत असे. हेतू तिच्या पुढे कुठे लांब बसलेला नव्हता. तो तिच्या बोटांतच होता. म्हणून त्याच्यापायी बाकीचे दिसेनासे होण्याचा प्रश्न येत नव्हता. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची दया पलीकडच्या इमारतीत ठेवलेली होती, आणि तिथे पोचेपर्यंत ती त्यांना हाताशी नव्हती. हा माझा तर्क आहे. नाथांच्या बाबतीत तो लागू पडेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण ती कावड त्यांनी गाढवापाशी ‘पोचविली’ असे मला पुष्कळदा वाटते.

अर्थात घरातल्या माणसांच्या दातांची काळजी सारेच करतात. माझ्या मनातला मोठा प्रश्न परक्या दाताचा आहे. त्याबद्दल एवढेच सांगतो.

आमच्या शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे अन्न मिळते. १९९५ साली ही योजना निघाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ देत. शिजवलेलेच अन्न द्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ सालचा. आता आमच्याकडे दोन बाया खिचडी शिजवितात आणि त्याच वाढतात. एकशे ऐंशी ताटे, पाऊण तास, आणि घंटा झाली की ओटा धुऊन मोकळा. घाईच म्हणावयाची तर याहून मोठी घाई आमच्या गावात एस.टी.च्या दारातच बघावयास मिळेल. त्या बायांना मिळणारे मानधन सांगितले तर तुम्हांला लाज वाटेल, म्हणून सांगत नाही.

एका आठवड्यात देखरेख माझ्याकडे होती. ओळीत सहावीतली एक मुलगी यायची. तिच्या ताटात त्या दोघींपैकी थोरल्या मावशी एक डाव वाढीत, नेहमीसारखा. आणि मग ओळ पुढे सरकण्यापूर्वी, कोणाकडे न बघता, आणखी अर्धा. तीन दिवस मी हे पाहिले. चौथ्या दिवशी ती मुलगी कुठे बसते ते पाहिले. हापशाच्या आडोशाला बसून ती अर्धी खिचडी खाई आणि अर्धी एका प्लॅस्टिकच्या डब्यात भरून दप्तरात ठेवी. घरी धाकटा भाऊ होता. त्याचे नाव अजून शाळेत घालावयाचे होते. हजेरीपटात ती मुलगी रोज हजर असे, आणि हजेरीपटाला एवढेच ठाऊक असण्याची सोय असते.

जेवणे आटोपण्याच्या बेताला मी मावशींपाशी गेलो. मला खरोखर जाणून घ्यावयाचे होते. एकशे ऐंशी ताटांत हे एक ताट त्यांना दिसले कसे, कोणी सांगितले होते काय, मुलगी काही बोलली होती काय?

‘कोन सांगतंय?’ त्या म्हणाल्या. ‘डाव वाढताना त्वांड दिसतंच की, सर.’

मी आणखी काही विचारणार होतो. माझ्या मागे पाचवीची दोन पोरे ताटे घेऊन थांबली होती.

‘जरा बाजूला व्हा, सर,’ मावशी म्हणाल्या. ‘पोरं खोळंबल्यात.’